रोखा सुरक्षित, पण मध्येच विकायचा झाला तर?

आपल्या उज्जैनच्या मराठी घरांत निवृत्तीच्या पैशांचा पहिला मुक्काम बँकेतली एफडी, दुसरा पोस्टात. 12 नोव्हेंबर 2021ला रिझर्व्ह बँकेने 'रिटेल डायरेक्ट' योजना सुरू केली आणि तिसरी वाट उघडली. किमान 10,000 रुपयांत आता कुणीही घरबसल्या सरकारी रोखे घेऊ शकतो. आई-बाबांना हे समजावताना आपण म्हणतो, "सरकारची हमी आहे, पैसे बुडायचे नाहीत." ते खरंच आहे. पण बाबा लगेच विचारतात, "आणि मध्येच लागले तर?" इथे आपली पंचाईत होते.

एफडी मोडता येते, कारण पैसे परत द्यायला बँक बसलेली असते. रोखा मोडत नाही, विकावा लागतो, आणि त्यासाठी समोर घेणारा हवा. हा बाजार भरतो एनडीएस-ओएम नावाच्या संगणकीय प्रणालीवर. 2005 पासून ती चालू आहे. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना आवडावी अशीच तिची रचना आहे: खरेदीची एक रांग, विक्रीची एक, आधी किंमत बघायची, मग वेळ. जुळलं की सौदा. पुढच्या कामकाजाच्या दिवशी पैसे मिळतात.

यंत्रणा चोख आहे, पण रांगेत माणसं हवीत ना! इथला नेहमीचा सौदा 5 कोटींचा. त्याखालचं सगळं 'ऑड लॉट', म्हणजे किरकोळ. शिवाय उलाढाल मोजक्याच रोख्यांत होते, विशेषतः चालू दहा वर्षांच्या. बाकीचे विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधीवाले घेऊन मुदतीपर्यंत कपाटात ठेवतात. अशा एखाद्या जुन्या रोख्याचे दोन लाख विकायला काढले, तर घेणारा मिळेलही, पण भाव त्याचा. छोट्या गुंतवणूकदारांसाठी प्रायमरी डीलरांनी खरेदी-विक्रीचे भाव द्यावेत, अशी योजना रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2022 मध्ये आणली. तिचा आधार आहे, पण एफडी मोडण्याइतकं सोपं ते नाहीच.

दुसरा फटका व्याजदराचा. 7 टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा घेतला आणि लगेच बाजारातला दर 8 टक्के झाला, तर लाखाच्या रोख्याला सुमारे 93,200 रुपयेच येतील. मुदतीपर्यंत थांबलात तर पूर्ण लाख. दर उतरले तर उलट फायदा, हेही सांगायला हवं.

शेजारच्या इंदूरचं उदाहरण बघा. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर महापालिकेने जलूदच्या सौरऊर्जा प्रकल्पासाठी 244 कोटींचे हरित रोखे काढले, व्याज 8.25 टक्के. ते एनएसईवर नोंदले गेले. हे महापालिकेचे रोखे, केंद्र सरकारची हमी त्यांना नाही. आणि बाजारात नोंद झाली म्हणजे रोज गिऱ्हाईक मिळतंच असं नाही. (याच इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना रेल्वेसाठी एक कोटीचं कर्ज साडेचार टक्क्यांनी दिलं होतं, मुदत 101 वर्षं! त्यांना मध्येच पैसे लागले असते तर?)

म्हणून घरच्यांसाठी रोखे निवडताना मुदत गरजेच्या वर्षाशी जुळवा. मुलीची फी 2029 मध्ये भरायची असेल, तर 2029 ला किंवा त्याआधी संपणारा रोखा घ्या. वर्षाच्या आत लागणारे पैसे 91 किंवा 182 दिवसांच्या ट्रेझरी बिलांत बरे. आणि दवाखान्यासाठी राखलेली रक्कम एफडीतच राहू दे.