लिहून घ्या, भाऊसाहेब

करवीर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळासमोर ग्रामसभा भरली होती. वेळ अकराची, पण साडेअकरा झाले तरी हजेरीवहीतल्या सह्याच मोजल्या जात होत्या. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे सभा तहकूब झालेली बऱ्याच कारभाऱ्यांना सोयीचीच पडते. इथं शंभर सह्या झाल्या.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मागच्या सभेचं इतिवृत्त भरभर वाचलं. पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ झालं. मग जमाखर्च. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, 40 टक्के अबंधित, अशी फोड करून आकडे येत राहिले. लाखांचे आकडे ऐकून कुणी काही विचारत नव्हतं. गटारीचं काम आलं तसा बायकांतून आवाज आला, “ती गटार किती मीटर झाली म्हणायची?”

“साठ मीटर, आक्का.”

“मग आमच्या दाराम्होरं पाणी कसं? कोपऱ्यावरच थांबलीया की ती.”

सरपंचबाई काही बोलणार तोच त्यांचे यजमान म्हणाले, “बघूया की, आक्का.” एरवी विषय इथंच मिटतो. पण एक निवृत्त गुरुजी उठले. “यजमान सभागृहाचे कोण? उत्तर सरपंचांनी द्यावं. आणि बघूया नको, लिहून घ्या, भाऊसाहेब.”

गुरुजींनी मोजमाप पुस्तिका मागितली. केलेल्या कामाची लांबी, रुंदी, खोली अभियंता तिच्यात नोंदवतो आणि बिल त्यावरच निघतं. पुस्तिका पंचायत समितीत आहे, असं कळलं. मग सरपंचबाईंनीच सांगितलं, की महिनाभरात अभियंत्याला बोलावून गावासमोर टेप लावायचा. सूचक गुरुजी, अनुमोदक आक्का. सभा संपण्याआधी गुरुजींनी ठराव मोठ्यानं वाचायला लावला. पहिल्या मसुद्यात ‘गटारीबाबत चर्चा झाली’ एवढंच होतं. मीटर, मुदत आणि जबाबदार माणूस, तिन्ही गोष्टी पुन्हा घालाव्या लागल्या.

इतिवृत्तातल्या नोंदीचं वजन कोल्हापूर जिल्ह्याला ठाऊक आहे. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात 17 तारखेला राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. उलट कोल्हापूर शहरात नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार कित्येक वर्षं प्रशासकाकडे राहिला. तिथं नागरिकाच्या वतीनं सभागृहात विचारायला नगरसेवकही नव्हता. गावातल्या मतदाराला मात्र कायद्यानंच ग्रामसभेत स्वतः उभं राहून विचारता येतं.

गटार पुरी होईल की नाही, हे टेप लागल्यावर कळेल. पण पुढच्या सभेत पहिला विषय हेच इतिवृत्त वाचण्याचा असणार. ‘मंजूर’ म्हणायच्या आधी मोजणी झाली का, हे विचारायला तेव्हा आक्कांना कुणाची परवानगी लागणार नाही. कारण तो ठराव भाऊसाहेबांनाच वाचून दाखवावा लागेल.