वनशास्त्राची पदवी म्हणजे खाकी वर्दी नव्हे

वनशास्त्राला प्रवेश घेतला की मुलगा वनाधिकारी झालाच, असे अनेक घरांत धरून चालतात. नियम पाहिले तर हे गणित टिकत नाही. भारतीय वनसेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग जी परीक्षा घेतो, तिला वनशास्त्राचा पदवीधर जसा बसतो तसाच कृषी, अभियांत्रिकी, वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र किंवा गणिताचा पदवीधरही बसतो. 2013 पासून तिची पूर्वपरीक्षाही नागरी सेवांबरोबर एकत्रच होते. राज्याच्या वनसेवेतही स्पर्धा विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या मुलांशीच असते. वनरक्षकाच्या भरतीला तर पदवीचीही अट नाही, बारावी पुरते. चार वर्षे वनशास्त्र शिकलेल्यांना या भरतीत प्राधान्य हवे, ही मागणी रास्त वाटते; पण ती मान्य होईलच असे धरून आयुष्याची आखणी करणे धोक्याचे आहे.

मग ही पदवी घ्यायचीच कशाला, असा आक्षेप येतो. तो घेणाऱ्यांच्या मनात बहुधा दुसरा गैरसमज असतो: वनशास्त्र म्हणजे झाडे लावणे. अभ्यासक्रमात रोपवाटिका आहेच, पण त्यासोबत उभ्या झाडातले लाकूड मोजणे, माती, बियाण्यांची निवड, लाकडाचे गुणधर्म, वन्यजीव, वन अर्थशास्त्र आणि उपग्रह चित्रांवरून नकाशे करणे हेही आहे. झाडे कुठे लावू नयेत, हेही यातच शिकायला मिळते. सोलापूरजवळच्या नान्नजसारखे माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. माळढोकाला तेच मोकळे गवत लागते. तिथे वृक्षारोपणाचा उत्साह दाखवला तर पक्ष्याचे घरच मोडते. खड्डे खणणारे पुष्कळ मिळतात, पण खड्डा नको असे कारणासह सांगणारा माणूस क्वचितच सापडतो.

नोकरीचा प्रश्न तरीही उरतो, आणि त्याचे उत्तर शोधताना सरकारी जंगलाच्या हद्दीबाहेर पाहावे लागते. राज्यात ज्या मोजक्या ठिकाणी वनशास्त्राची पदवी मिळते त्यांतले एक दापोली. ते ज्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे तिथे सरकारी वन अगदी थोडे. डोंगरावरची झाडी बहुतेक खासगी मालकीची. देशभरातही प्लायवूड आणि कागद उद्योगाला लागणारे बहुतेक लाकूड शेतातून येते: यमुनानगरच्या कारखान्यांना शेतकऱ्यांचा पॉप्लर, भद्राचलमच्या कागद गिरणीला निलगिरी आणि सुबाभूळ. 2017 च्या कायदा दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला, त्यामुळे तो तोडण्या-नेण्यातली मोठी अडचण दूर झाली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा ग्रामसभांना बांबूची मोजणी आणि तोडीचा आराखडा करणारे हात लागतात. याखेरीज खाणी आणि धरणांचे पर्यावरण अहवाल, डेहराडूनची वन संशोधन संस्था, भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेतले पदव्युत्तर शिक्षण या वाटा आहेत. यांतली पहिली नोकरी बहुधा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पावर, मुदतीच्या करारावर आणि बेताच्या पगारावर मिळते, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे प्रवेशाआधी महाविद्यालयातून किती जण अधिकारी झाले एवढेच न विचारता, जे झाले नाहीत ते आज काय करतात, हेही विचारावे.