चेंडूखालची जमीन

गोल्फ म्हटलं की आपल्याला आठवतो तो साहेबांचा खेळ. पुण्यात येरवड्याकडे जाताना कुंपणापलीकडचं हिरवंगार मैदान सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण आत पाऊल टाकायचा प्रश्नच नव्हता! न्यूझीलंडात मात्र हा खेळ शेतकऱ्याचा आणि शाळामास्तरांचाही. १८७१ मध्ये डनिडिनला स्कॉटिश मंडळींनी तो रुजवला आणि आज या एवढ्याशा देशात साडेतीनशेच्या वर गोल्फची मैदानं आहेत.

बाबा भारतातून आले होते, तेव्हा एका किवी मित्राने आम्हाला हॅमिल्टनजवळच्या त्याच्या छोट्या क्लबात नेलं. नऊच होल. ऑफिसात माणूस नाही, शिपाई नाही. दाराशी एक लोखंडी पेटी. पैसे पाकिटात घालायचे, नाव लिहायचं, पेटीत टाकायचं.

"आणि कोणी टाकलेच नाहीत तर?" बाबांनी विचारलं.

"टाकतात," मित्र शांतपणे म्हणाला.

मैदानात मेंढ्या चरत होत्या. गवत कापायचा खर्च वाचतो! होलभोवतीच्या नाजूक गवताला तेवढी विजेची तार. बाबांनी विटीदांडूच्या थाटात काठी फिरवली; चेंडू जागीच राहिला, मातीचं ढेकूळ मात्र लांब गेलं. सगळे पोट धरून हसलो.

चहा पिताना बाबा म्हणाले, "एवढी जमीन नुसती चेंडू मारायला? आधी कोणाची होती?"

मित्र जरा थांबला. मग त्याने रॅगलनची गोष्ट सांगितली. हे समुद्रकाठचं गाव हॅमिल्टनहून तासाभरावर. तिथली माओरींची ते कोपुआ ही जमीन सरकारने दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी घेतली. लोकांना घरं सोडावी लागली. युद्ध संपलं, पण जमीन परत मिळाली नाही. १९६९ मध्ये तिचा मोठा भाग गोल्फ क्लबाला दिला गेला. पूर्वजांच्या दफनभूमीवर वाळूचा खड्डा झाला, चेंडू अडकवायला!

तिथल्या ईव्हा रिकर्ड या बाई गप्प बसल्या नाहीत. १९७५ च्या माओरी जमीन मोर्चात त्या होत्या. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्या आपल्या माणसांना घेऊन त्या मैदानावर गेल्या आणि पोलिसांनी त्यांना तिथेच अटक केली. लढा चालूच राहिला. अखेर १९८० च्या दशकात जमीन मूळ मालकांना परत मिळाली. ईव्हाबाई १९९७ मध्ये वारल्या.

परतताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या मुळशीचंच झालं की हे." १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. पण मुळशीची शेतं पाण्याखाली गेली ती गेलीच. "इथे निदान परत तरी मिळाली," बाबा म्हणाले.

आपण इथे येतो, घर घेतो, बाग करतो. जमीन कोणाकडून घेतली ते कागदावर असतं. त्याच्या आधी ती कोणाची होती, हे आपण क्वचितच विचारतो. बाबा पाहुणे होते, म्हणून त्यांना ते पहिल्याच दिवशी सुचलं.

सुट्टीत मुलांना घेऊन अशा एखाद्या छोट्या मैदानावर जरूर जा. पेटीत पैसे टाका, मेंढ्यांना सांभाळून खेळा. आणि चहाच्या वेळी बाबांचा प्रश्न एकदा विचारून पाहा. उत्तर देणारं कोणी ना कोणी भेटतं.