वेरूळ बंद होतं त्या दिवशी

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. सहलीला जाणाऱ्या कुणालाही माहीत असावी अशी ही गोष्ट मला २००४ साली माहीत नव्हती. त्या अज्ञानाचा मला फार मोठा फायदा झाला. तो कसा, ते आज सांगायचं आहे.

सोलापूरहून अब्बांना घेऊन निघालो होतो. त्यांनी सत्तरी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते. ‘एकदा कैलास बघायचाय’ असं ते बरीच वर्षं म्हणत. मी वहीत सगळं आखून घेतलं होतं. सोमवारी औरंगाबादला पोचायचं, बीबी का मकबरा पाहायचा, मंगळवारी वेरूळ आणि त्याच रात्रीच्या एसटीनं परत. बुधवारी मला कामावर हजर व्हायचं होतं.

मंगळवारी सकाळी लेण्यांपाशी उतरलो, तर फाटक बंद. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं ते देऊळ फाटकापलीकडे आणि आम्ही दोघं अलीकडे. मी स्वतःवरच चिडलो. वहीत पुढं काहीच लिहिलेलं नव्हतं. मग दोन दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं, ‘अब्बा, कुठं जायचं?’

ते म्हणाले, ‘कालचा रिक्षावाला पाण्यावर चालणारी चक्की सांगत होता. ती बघू या का?’

हा प्रश्न त्यांना का पडला, ते कळायला त्यांची नोकरी सांगायला हवी. अब्बा शहराच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून अपरात्री सायकलवर जायचे, रस्त्यातलं झाकण उचलून पेठेचं पाणी सोडायचे. शाळेत पोरं मला विचारायची, ‘तुझे अब्बा आज पाणी कधी सोडणार?’ मला त्याची लाज वाटायची. बी.ए.ला गेल्यावर फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं मी नुसतं ‘नोकरी’ लिहीत असे. पुढं कविता लिहू लागलो. नदीवर लिहिलं, पावसावर लिहिलं. पण आमच्या नळाला पाणी कसं येतं, हे त्यांना कधी विचारलं नाही.

परतताना खुलदाबादला जीप बदलायची होती. बरेचजण इथं उतरतात ते औरंगजेबाची साधी, उघडी कबर पाहायला. चहावाल्यानं आम्हाला दुसरा एक घुमट दाखवला, मलिक अंबरचा. आफ्रिकेतल्या हबशी मुलुखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६२६ साली तो वारला. त्यानं १६१० मध्ये खडकी गावी राजधानी वसवली. तेच गाव त्याच्या मुलाच्या काळात फतेहनगर झालं, पुढं औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. अब्बांनी फातिहा पढला आणि चहावाल्याला विचारलं, ‘नाव खडकी, म्हणजे सगळा खडक. मग एवढ्या लोकांना पाणी कुठलं?’

उत्तर शहरातच होतं. मलिक अंबरनं उत्तरेकडच्या टेकड्यांच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं गावात आणलं. ही नहर-ए-अंबरी. इराणात कनात म्हणतात, त्याच जातीची ही विद्या. वरून पाऊस पडतो, तो मुरतो, झिरपत खाली येतो. त्या झिरपणाऱ्या पाण्याला जमिनीखाली बोगद्याची वाट करून द्यायची आणि त्या वाटेला अगदी बेताचा उतार ठेवायचा. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. ठरावीक अंतरावर वर उघडणारी विवरं ठेवायची, म्हणजे हवा खेळते आणि माणूस उतरून गाळ काढू शकतो. ना मोट, ना रहाट. पाणी आपल्याच वजनानं चालत येतं, उन्हात आटतही नाही. पुढं शहर वाढलं तशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच एक.

दुपारी आम्ही पाणचक्कीत पोचलो. एका उंच भिंतीवरून पाणी धो धो हौदात पडत होतं. मी तुषार अंगावर घेत उभा राहिलो; कवीला तेवढं पुरतं. अब्बा मात्र भिंतीच्या मागं गेले. बऱ्याच वेळानं परत आले आणि म्हणाले, ‘पाणी खालून येतंय आणि भिंतीवर चढतंय. पंप नाही.’

मी विचारलं, ‘मग चढतं कसं?’ आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना त्यांच्या कामातलं काही विचारलं असेन.

आम्ही घरी दखनीत बोलतो. त्यांचं म्हणणं मराठीत सांगतो. ते म्हणाले, ‘गवंडी लेव्हल बघायला पाण्याची नळी धरतो, पाहिलीस ना? एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. मधली नळी जमिनीवर लोळत असली तरी दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. इथं एक टोक टेकडीवर आहे. नळ बंद असला, की मधल्या सखलात उतरलेलं पाणी पुन्हा जवळजवळ तेवढंच वर येणार. वाटेत घासून थोडं कमी होतं, एवढंच.’

या नहरींच्या वाटेवर विटा-चुन्याचे मनोरेही बांधलेले आहेत. पाणी मनोऱ्यात वर चढतं आणि दुसऱ्या बाजूनं उतरून पुढच्या नळात जातं. ते कशाला, हे अब्बांना सांगावं लागलं नाही. ‘लाइनीनं हवा धरली की पाणी अडतं. आम्ही एअर व्हॉल्व्ह उघडायचो. यांनी मनोऱ्याचं तोंडच उघडं ठेवलं. हवा निघून जाते, दाबही मोकळा होतो. नाहीतर मातीचे नळ फुटले असते.’

मग चक्की पाहिली. पडत्या पाण्याच्या जोरावर खालचं लोखंडी पात्यांचं चाक फिरतं, त्याचा आस जात्याच्या वरच्या तळीला फिरवतो. बैल नको, माणूस नको. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या मोठ्या दालनाचं छत, म्हणून भर उन्हाळ्यातही ते दालन गार राहतं. शेजारी बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूचा दर्गा आहे. ते मध्य आशियातून इथवर आले होते. त्यांच्या खानकाहात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी या चक्कीवर पीठ दळलं जाई. आज जेवण कुठं मिळेल हे माहीत नसलेल्या माणसांसाठी कुणीतरी टेकडीवरून पाणी आणून जातं फिरवलं, ही गोष्ट त्या दुपारी मला फार जवळची वाटली.

अब्बा वडाखाली बसले आणि अंधार पडेपर्यंत बोलत राहिले. कोणत्या पेठेत नळ कुठं वळतो, कुठला व्हॉल्व्ह अडतो, पाणी येणार आहे हे झाकणाला कान लावून कसं कळतं. चाळीस वर्षांचं शहर त्यांच्या डोक्यात जमिनीखालून आखलेलं होतं. मला ते ठाऊकच नव्हतं. कैलास पाहिला असता, तर माहिती मी वाचून दाखवली असती आणि त्यांनी मान डोलावली असती. आखलेला दिवस माझा होता. मोडला, म्हणून तो त्यांचा झाला.

त्या नहरींचा बराच भाग आता घरांच्या, रस्त्यांच्या खाली गाडला गेला आहे. जे उरलं आहे ते जाऊन पाहा. सोबत घरातलं एखादं जुनं माणूस न्या आणि कुठं जायचं ते एक दिवस त्याला ठरवू द्या.

अब्बांना कैलास पाहायचा राहूनच गेला. ते गेल्यावर मी एकटा वेरूळला गेलो, मंगळवार टाळून. ते एवढं थोरलं कातळाचं देऊळ समोर होतं आणि मी खाली वाकून शोधत होतो, पावसाचं पाणी इथून बाहेर जातं कुठून.