आच न लावता फिरणारं तेल

चुलीवर आधण ठेवलं की तळचं पाणी तापतं, हलकं होऊन वर येतं आणि वरचं गार पाणी खाली जातं. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण आच न लावता, नुसत्या विजेच्या जोरावर तेल असंच फिरतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी बी.ए. झालेला कवी. विज्ञानाचं बोट शाळेतच सुटलं. माझा भाचा संगणकावर याच प्रवाहांचं गणित मांडतो. त्यानं मला हे समजावलं.

कोपऱ्यावरच्या डीपीत जे तेल असतं, त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. अशा तेलाचा पातळ थर धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवून मोठं व्होल्टेज दिलं आणि एका पट्टीवरून विद्युतभार तेलात शिरू लागला, की तो समोरच्या पट्टीकडे ओढला जातो. जाताना तेलालाही ढकलतो. तेलाचा चिकटपणा त्याला अडवतो. एक उंबरठा ओलांडेपर्यंत तेल जागचं हलत नाही. ओलांडला की भोवरे सुरू होतात. गंमत म्हणजे ते थांबवायला व्होल्टेज उंबरठ्याच्या बरंच खाली आणावं लागतं. रुसलेला माणूस बोलता होणं कठीण, आणि एकदा बोलू लागला की गप्प करणं त्याहून कठीण!

हा उंबरठा एका आकड्यानं सांगतात. भार भरपूर शिरत असेल तर गणितानं तो सुमारे १६१ येतो. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे १९७०च्या दशकात प्रयोग झाले, तेव्हा तेल १००च्या आसपासच फिरू लागलं. ही तफावत अभ्यासकांना दीर्घकाळ छळत राहिली.

म्हणून संगणकावर थराची बारीक जाळी पाडून क्षणाक्षणाचा हिशेब मांडतात. अडचण इथेच येते. तेल भाराच्या स्वतःच्या चालीपेक्षा जोरात फिरलं, की भोवऱ्याच्या आत भार शिरूच शकत नाही. तिथे रिकामी जागा उरते आणि तिची कड धारदार असते. जाळीच्या साध्या हिशेबात ही कड ओल्या कागदावरच्या शाईसारखी फुटते. जिथे भार नाही, तिथेही तो दिसू लागतो.

“मामू, यंत्र खोटं बोलत नाही, आपली पद्धत बोलते,” भाचा म्हणाला.

यावर एक उपाय म्हणजे भाराचे असंख्य कण मानून एकेकाचा माग काढणं. दुसरा, शाई फुटू न देणारी सुधारित जाळी. २००६मध्ये वाझ्केझ, जॉर्जिऊ आणि कास्तेलानोस यांनी या दोन्ही पद्धती शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. एका वाटेनं आलेलं उत्तर दुसऱ्या वाटेनं तपासायचं, हा त्यातला धडा.

याच विद्येतून एकही फिरता भाग नसलेले पंप करता येतात, तापणारी उपकरणं गार ठेवता येतात. हिशेबात चूक राहिली, तर ती उद्या यंत्रातही उतरेल.

कवितेत रिकामी जागा शब्दांनी भरण्याचा मोह मला नेहमीच होतो. जी जागा रिकामी आहे ती रिकामीच दाखवावी, हे मला या तेलानं शिकवलं.