हातातला रेडिओ स्कॅनर : तो कसा लावावा आणि त्यावर काय ऐकावे

रेडिओ ही वस्तू आपल्या उकव्याला नवी नाही. १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या प्रांताची राजधानी होती व तेथील आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली. बातम्या, धान्याचे भाव, निवडणुकीचे निकाल आणि ईदच्या चंद्राची वार्ता, सारे त्या एका पेटीतून घरात येई. त्या काळी रेडिओ बाळगावयाचा तर पोस्टात दरसाल फी भरून परवाना घ्यावा लागे, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. ती फी १९८० च्या दशकात रद्द झाली. परंतु परवान्यामागील तत्त्व काही रद्द झाले नाही, आणि प्रस्तुत लेखाचा निम्मा विषय तोच आहे.

अलीकडे वरच्या वर्गांतील मुले मोबाइलवर ‘हँडहेल्ड स्कॅनर’ नावाच्या संचाची चित्रे पाहतात आणि आम्हांस विचारतात, “सर, हा घेतला तर विमान ऐकू येते काय? पोलीस ऐकू येतात काय?” पालक विचारतात की मुलाला असा संच घेऊन द्यावा की नाही. दोघांचेही प्रश्न योग्य आहेत. त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी मिळावे म्हणून हा लेख.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. आपला साधा रेडिओ एका वेळी एकच केंद्र ऐकवितो आणि ते बोलत नसले तरी तेथेच थांबून राहतो. स्कॅनर तसे करीत नाही. रात्रीचा गुरखा बाजारात फिरताना प्रत्येक दुकानाचे कुलूप हलवून पाहतो व पुढे जातो, एखादे दार उघडे सापडले तरच थांबतो. स्कॅनर आपण नेमून दिलेली चॅनेले अशीच एकामागून एक तपासतो, जेथे आवाज सापडेल तेथे थांबतो, आणि बोलणे संपले की पुन्हा चालू लागतो. एका सेकंदात त्याची अनेक दारे तपासून होतात. दुसरी गोष्ट अशी की, स्कॅनर फक्त ऐकतो, बोलत नाही. जो बोलू शकतो तो वॉकी-टॉकी. दिसावयास दोन्ही सारखे असतात, परंतु कायद्याच्या व शहाणपणाच्या दृष्टीने त्यांत फार अंतर आहे.

आता थोडे लहरींविषयी. रेडिओलहर एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जाते. तीनशे या आकड्याला मेगाहर्ट्‌झमधील कंपनसंख्येने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये निघते. एफ.एम.वरील १०० मेगाहर्ट्‌झची लहर तीन मीटरची, तर १४५ मेगाहर्ट्‌झची सुमारे २ मीटर ७ सेंटिमीटरची. एरियल लहरीच्या चतुर्थांशाएवढे असले की ते चांगले काम देते. म्हणजे पहिल्यासाठी ७५ सेंटिमीटर व दुसऱ्यासाठी जवळजवळ ५२ सेंटिमीटर. संचाबरोबर मिळणारे बोटभर रबरी एरियल ही सोय असते, उत्तम एरियल नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. सातवीच्या मुलाने हा भागाकार स्वतः करून पाहावा.

मध्यमलहरी रात्री आकाशातील वरच्या थरांवरून परतून दूरवर पोचतात, म्हणून नागपूर आपल्याकडे ऐकू येई. स्कॅनर ज्या अतिलघु लहरी ऐकतो त्या बहुतेक सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दोन मीटर उंचीवर धरलेल्या एरियलचे क्षितिज सपाट मैदानातही सहा किलोमीटरांच्या आत संपते. दुसऱ्या बाजूस दहा हजार मीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाचे रेडिओक्षितिज सुमारे चारशे किलोमीटरांचे असते. उकवा डोंगरांच्या मध्ये वसलेले असल्याने आपल्या खालच्या मोहल्ल्यातून घाटापलीकडचे केंद्र कच्चे येते आणि छपरावर गेले की तेच स्पष्ट होते, याचे कारण हेच. खडक तर या लहरींना जवळपास बंद दरवाजाच आहे. भूमिगत खाणीत साधा वायरलेस संच थोड्याच अंतरावर मुका होतो. म्हणून जगातील पुष्कळ खाणींत बोगद्यांतून एक विशेष केबल टाकतात, तिच्या आवरणाच्या फटींतून लहरी झिरपत राहतात व कामगारांना बोलता येते.

संच हाती आल्यावर काय करावे ते क्रमाने सांगतो.

प्रथम सेल. चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे व साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे असतात. काही संचांत कोणते सेल घातले आहेत हे दर्शविणारे लहान बटण असते. ते चुकीच्या बाजूस ठेवून साध्या सेलांना चार्जर लावल्यास सेल फुटण्याचा धोका असतो. जुने व नवे सेल एकत्र घालू नयेत. संच महिनाभर वापरावयाचा नसेल तर सेल काढून ठेवावेत.

दुसरे, एरियल. ते घट्ट बसवावे आणि संच उभा धरावा, कारण जमिनीवरची बहुतेक केंद्रे उभ्या एरियलवरून बोलतात. आकाशात गडगडाट सुरू झाला की छपरावरून खाली यावे व बाहेर जोडलेली तार काढून ठेवावी. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात वीज पडून माणसे दगावतात, हे कोणास सांगावयास नको.

तिसरे, स्क्वेल्च. हे नाव नवे असले तरी गोष्ट सोपी आहे. कोणी बोलत नसेल तेव्हा रेडिओत खरखर येते. स्क्वेल्च म्हणजे त्या खरखरीला अडविणारा बांध. बांध अगदी खाली केला तर खरखर सतत येत राहते व स्कॅनर पहिल्याच चॅनेलवर अडकून बसतो. फार उंच केला तर दूरचा क्षीण आवाजही अडतो. म्हणून बटण शून्यावर आणावे, खरखर ऐकावी, आणि हळूहळू फिरवीत ती जेथे नुकतीच बंद होते तेथून केसभर पुढे थांबावे. नवशिक्यांच्या दहा तक्रारींपैकी निम्म्या एवढ्यानेच मिटतात.

चौथे, मोड व स्टेप. आकाशवाणीचे एफ.एम. रुंद पट्टा वापरते, तर दोन माणसांच्या संभाषणाचे एफ.एम. अरुंद असते. एकाची जागा दुसऱ्याला दिली तर आवाज फाटका तरी येतो किंवा अगदी बारीक येतो. स्टेप म्हणजे संचाच्या पावलाची लांबी. पाऊल मोठे ठेवले तर मधले केंद्र ओलांडून जाते.

पाचवे, मेमरी. ऐकावयाची केंद्रे आकड्यांनिशी वहीत लिहून मग संचात भरावीत. एखादे चॅनेल उगाच अडवीत असेल तर ‘लॉकआउट’ने ते वगळावे. ‘डिले’ दोन सेकंदांचा ठेवावा, म्हणजे प्रश्न ऐकू येऊन उत्तराआधीच संच पुढे निघून जात नाही. कित्येकदा स्कॅनर अशा ठिकाणी थांबतो की तेथे नुसती शीळ वा गुणगुण असते. ती बहुधा घरातील एल.ई.डी. दिव्याची, मोबाइल चार्जरची, नाही तर खुद्द संचाच्या आतील असते. अंगणात गेल्यावर ती गेली तर दोष घरातला, न गेली तर संचातला, असे समजावे.

सराव आकाशवाणीच्या एफ.एम. केंद्रांवर करावा. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात रुंद मोड लावून संच चालू करावा आणि घरात, अंगणात व छपरावर कोणते केंद्र किती स्पष्ट येते याची नोंद ठेवावी. या साध्या नोंदवहीतून मूल गावाचा भूगोल नव्याने शिकते. मात्र पुष्कळसे स्कॅनर मध्यमलहरी घेत नाहीत. त्यासाठी जुना ट्रान्झिस्टर जपून ठेवावा.

याहून मनोहर गोष्ट आकाशातली आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून फिरते व सुमारे दीड तासात एक फेरी पूर्ण करते. त्यावर हौशी रेडिओचा संच आहे व तेथून येणारा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर साध्या एफ.एम.मध्ये येतो. तो नेहमी चालू असतोच असे नाही. परंतु शाळांशी संभाषण ठरलेले असते किंवा चित्रे प्रसारित होतात तेव्हा हातातल्या संचावरही तो ऐकता येतो. डोंगर जमिनीवरच्या केंद्राला अडवितो, डोक्यावरून जाणाऱ्याला अडवीत नाही. स्थानक जवळ येत असता आगगाडीच्या शिट्टीप्रमाणे त्याची कंपनसंख्या किंचित चढते व दूर जाताना उतरते. म्हणून आरंभी १४५.८०५, मध्ये १४५.८०० आणि शेवटी १४५.७९५ अशी तीन चॅनेले भरून ठेवावीत. एरियलचे टोक स्थानकाकडे रोखू नये, त्याची बाजू तिकडे करावी, कारण टोकाच्या दिशेने ते सर्वांत कमी ऐकते. सारा खेळ फार तर दहा मिनिटांचा असतो. जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला यांनी त्याच स्थानकावरून हौशी रेडिओद्वारे भारतातील विद्यार्थ्यांशी संवाद केला, हे वाचकांना ठाऊक असेलच. आपल्या इस्रोनेही ५ मे २००५ रोजी ‘हॅमसॅट’ हा हौशी रेडिओवाल्यांसाठीचा लहान उपग्रह सोडला होता आणि त्याने अनेक वर्षे सेवा दिली.

आता महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. पोलीस, रेल्वे, विमानतळ, वनखाते, खाण यांचे बोलणे ऐकावे काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. आकाशवाणी सर्वांसाठी बोलते. हौशी रेडिओवरील बोलणेही नियमाने उघड्या भाषेत असते, तेथे गुप्त संकेत चालत नाहीत. परंतु शिपायाने ठाण्याला दिलेला निरोप हा ठाण्यासाठी असतो. तो हवेतून आपल्या अंगणावरून गेला म्हणून आपला होत नाही. पोस्टमनच्या पिशवीला भोक पडले म्हणून कोणी दुसऱ्याचे पत्र उघडून वाचीत नाही.

कायदाही हेच म्हणतो. पूर्वीच्या १८८५ व १९३३ च्या कायद्यांच्या जागी दूरसंचार अधिनियम, २०२३ आला आहे. त्यातील ४२ व्या कलमानुसार दुसऱ्याचा संदेश बेकायदा अडवून ऐकणे हा गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम जून २०२४ पासून अमलात आले आहे. आपला जिल्हा बरीच वर्षे नक्षलग्रस्त म्हणून गणला गेला. अशा भागात एखाद्या पोराच्या हाती पोलिसांचे चॅनेल लावलेला संच सापडला तर “सर, मी गंमत म्हणून ऐकत होतो” या उत्तराने भागणार नाही. त्यात पोराचे वर्ष जाईल आणि घराची झोप जाईल. शिवाय अनेक ठिकाणी ही बोलणी आता संकेतबद्ध झाली आहेत. गमतीखातर ऐकू गेले तरी कानी पडावयाची ती करकर.

खरेदीच्या बाबतीतही सावध असावे. स्वस्त म्हणून मागविलेला संच पुष्कळदा स्कॅनर नसून बोलणारा वॉकी-टॉकी निघतो. आपल्या देशात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या अरुंद पट्ट्यातील कमी शक्तीच्या मान्यताप्राप्त संचांना परवान्यातून सूट आहे. इतर बहुतेक पट्ट्यांत बोलणाऱ्या संचाला परवाना लागतो. विकत घेण्यापूर्वी संचाला दूरसंचार विभागाची मान्यता आहे याचा लेखी पुरावा मागावा. “सब चलता है” हा दुकानदाराचा शब्द पुरावा नव्हे. पुरावा मिळत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

मग ज्या मुलाला खरोखर आवड आहे त्याने काय करावे? त्याच्यासाठी सरळ व मानाचा रस्ता आहे. तो म्हणजे हौशी रेडिओचा, ज्याला ‘हॅम’ म्हणतात. सरकारी परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा आणि स्वतःचे ‘व्ही.यू.’ने सुरू होणारे संकेतनाम मिळवावे. शाळकरी वयातील मुलांनाही या परीक्षेस बसता येते. राजीव गांधी यांच्याजवळही असा परवाना होता, त्यांचे संकेतनाम ‘व्ही.यू.टू.आर.जी.’ असे होते.

या विद्येचे मोल संकटात कळते. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे मातीला मिळाली, २००१ च्या जानेवारीत भूज हादरले. दोन्ही वेळी हॅम मंडळी आपले संच घेऊन मदतीस धावली. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होते. टेलिफोन बंद पडले असता त्यांनी आपल्या संचावरून बेटांची खबर मुख्य भूमीला पोचविली आणि कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांची खुशाली कळली. ज्यांनी शांततेच्या दिवसांत नियमाने ऐकावयाची सवय लावून घेतली होती, त्यांच्याच हातून हे काम झाले.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे की, मुलाला ऐकू द्यावे, परंतु काय ऐकतो ते त्याच्या वहीत लिहिलेले असावे आणि ती वही कोणीही उघडून पाहावी अशी असावी. जी वही लपवावीशी वाटते, तिच्यातील चॅनेल संचातून पुसून टाकावे. एवढा एक नियम पाळला तर हा हातभर संच मुलाला गणित, भूगोल व विज्ञान शिकवील आणि पुढे कधी गरज पडली तर गावाच्याही उपयोगी पडेल.