जेवणाच्या टेबलावरचं डाकोटा

आमच्या घरात जेवणाचं टेबल आहे. पण गेली तीन वर्षं आम्ही खाली पाट मांडून जेवतो. टेबलावर विमान आहे. डाकोटा. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा फूट, तेव्हा कोल्हारच्या आमच्या घरात त्याला दुसरी जागा नाही. पहिल्या वर्षी सौभाग्यवती रुसल्या, दुसऱ्या वर्षी त्यांनीच धूळ बसू नये म्हणून जुनं लुगडं काढून दिलं.

हे वेड दादांचं. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे. हवाई दलात डाकोटांची दुरुस्ती करण्यात त्यांची उमेद गेली. १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडालेलं हे प्रवासी विमान, युद्धात दहा हजारांहून अधिक संख्येनं बनलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला जवान उतरवले ते यानंच. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपाल घेऊन रात्री नागपूरला जमणारी विमानंही हीच. बँकेतले माझे जुने साहेब त्या रात्रटपालाची आठवण काढत. आमच्या धंद्याचा अर्धा विश्वास पत्रांवरच तर चालायचा!

दादांना आता काचबिंदूमुळे सावल्यांपलीकडे दिसत नाही. कान मात्र शाबूत आहेत. १ ऑक्टोबर २०१७ ला शिर्डीजवळ काकडीला विमानतळ सुरू झाला आणि एटीआर विमानं येऊ लागली, तेव्हा अंगणात बसून ते म्हणायचे, ‘‘जेट नाही हे, प्रॉपेलर आहे.’’

मी प्लॅन निवडला सोळाव्या हिश्शाचा. खरं विमान ९५ फुटी. लांबी सोळा पटींनी घटली की पंखाचं क्षेत्रफळ २५६ पटींनी घटतं. वजन मात्र ४०९६ पटींनी घटायला हवं. भरलेल्या डाकोटाचं वजन सुमारे ११,४०० किलो. भागाकार केला तर पावणेतीन किलो आले. त्यात दोन मोटरी, बॅटरी, चाकं, रेडिओ, सगळं बसवायचं. असा ताळेबंद मला बँकेतही कुणी दिला नव्हता. बाल्साचं लाकूड हातात थर्माकोलसारखं लागतं, तरी शेपटीकडची प्रत्येक पट्टी मी काट्यावर तोलली. डाकोटाचं नाक आखूड, शेपूट लांब. मागे दहा ग्रॅम वाढले की पुढे त्याहून कितीतरी अधिक शिसं भरावं लागतं.

पंखाची टोकं निमुळती, हा दुसरा धोका. वेग कमी झाला की टोकं आधी उचल सोडतात आणि विमान एका कुशीवर कोसळतं. म्हणून टोकाची पुढची कड दोनेक अंश खाली पिळून घ्यायची. एवढ्या एका पिळासाठी माझा एक हिवाळा गेला.

१९९४ साली माझं दोन इंजिनांचं पहिलं मॉडेल गेलं ते असंच. तेव्हा मेथनॉल आणि एरंडेलावर चालणारी इंजिनं असत. डावं बंद पडलं, उजव्यानं विमान डावीकडे ओढलं आणि चार सेकंदांत ते शेजारच्या उसात. सापडलं ते तोडणीच्या वेळी. आता विजेच्या मोटरींनी ती भीती बरीच गेली आहे. माझी मात्र गेली नव्हती. विमान तयार होऊन चार महिने झाले, तरी मी रोज काहीतरी सबब काढत होतो. कधी वारा, कधी बॅटरी.

एके दिवशी दादा म्हणाले, ‘‘अरे, बँकेतली तिजोरी केलीस की तू त्याची. मी असेपर्यंत उडव.’’

मार्चमधल्या रविवारी भल्या सकाळी गहू काढलेल्या रानात आम्ही रोलर फिरवून पट्टी केली. बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत दादा. मी वेग वाढवला आणि विमान डावीकडे ओढू लागलं. दोन्ही प्रॉपेलर एकाच दिशेनं फिरले की असं होतं. एका मोटरीच्या दोन तारा अदलून उलटा प्रॉपेलर लावला असता, तर ही ओढ राहिली नसती. पण खऱ्या डाकोटाचे दोन्ही एकाच दिशेनं फिरत. दादांसमोर ती लबाडी कशी करायची? उजवा रडर दाबून धरला. शेपूट उचललं. आणि मग चाकांची खडखड थांबली.

‘‘सुटलं,’’ दादा म्हणाले. मी सांगायच्या आधी.

चार मिनिटं ते प्रवरेच्या बाजूला घिरट्या घालत होतं. माझे हात इतके थरथरत होते, की दादांना सांगायचं ठरवलेलं वर्णन राहूनच गेलं. उतरताना शेवटी एक ढेकूळ लागलं, विमान नाकावर आलं आणि एक प्रॉपेलर मोडला.

ते मी दादांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी बोटांनी पंखाची कड चाचपली, टोकाशी थांबले, पीळ लागला तसे हसले.

‘‘कुठला मोडला?’’

‘‘डावा.’’

‘‘आवाज फार बारीक आहे रे याचा. दोन्ही एकाच दिशेनं फिरवलेस ना?’’

‘‘हो दादा. तुम्ही आहात म्हटल्यावर...’’

‘‘मग दुसरा प्रॉपेलर लाव. तोवर मी बसतो इथंच.’’